रोप चालते, हरकत चालत नाही

दिल्लीच्या पतियाळा हाउस न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०२१ रोजी बेंगळुरूच्या दिशा रवी या तरुणीला जामीन मंजूर केला. शेतकरी आंदोलनाच्या समर्थनार्थ तयार झालेल्या 'टूलकिट'च्या संपादनात व प्रसारात तिचा हात असल्याच्या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी दहा दिवसांपूर्वी तिला बेंगळुरूतून अटक केली होती व राजद्रोहाचे कलम लावले होते. अतिरिक्त सत्र न्यायाधीश धर्मेंद्र राणा यांनी पुरावा तुटपुंजा असल्याचे नमूद केले आणि सरकारच्या धोरणाशी असहमत आहे एवढ्यावरून नागरिकाला तुरुंगात डांबता येणार नाही, असेही बजावले. याच प्रकरणात मुंबईतील एक वकील आणि बीडचा एक तरुण अभियंता यांना मुंबई उच्च न्यायालयाकडून तात्पुरते संरक्षण मिळवावे लागले होते. त्या काळात सारी चर्चा राजद्रोहाच्या कलमाभोवती फिरत राहिली, आणि ते स्वाभाविकही होते. मात्र या प्रकरणामागे दडलेला दुसरा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. तो शिक्षणाचा होता.

ही पिढी पर्यावरणाकडे आपणहून वळलेली नाही, तिला तो विषय सक्तीने शिकविण्यात आला आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या आदेशाने पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर अनिवार्य करण्याची दिशा ठरली. अंमलबजावणीत चालढकल होते आहे, हे दिसल्यावर २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान उपटले. पर्यावरणाचे रक्षण हे राज्यघटनेच्या ५१-अ कलमाने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहेच. म्हणजे घटना सांगते, सर्वोच्च न्यायालय सांगते, पाठ्यपुस्तकही सांगते की, पर्यावरणासाठी काहीतरी करा. नेमके काय करायचे, हे मात्र कोणीच धडपणे सांगत नाही. आणि एखाद्या विद्यार्थ्याने ते स्वतः शोधून काढले, की व्यवस्था दचकते.

न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू केला. पन्नास तासिकांच्या त्या आराखड्यात प्रत्यक्ष क्षेत्रकार्याच्या वाट्याला पाच तासिका आल्या. उरलेल्या पंचेचाळीस तासिकांत परिसंस्था, प्रदूषण, लोकसंख्या, कायदे यांची माहिती. ही माहिती वाईट नव्हती, पण परीक्षेपुरती होती. शाळांमध्ये २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेची मंडळे निघाली, रोपे लावली गेली, घोषवाक्यांच्या स्पर्धा झाल्या. महाराष्ट्रात २०२०च्या गांधी जयंतीपासून 'माझी वसुंधरा' अभियानात ऑनलाइन शपथ घेण्याची सोय झाली. केंद्राने २०२२ मध्ये 'मिशन लाइफ' सुरू करून व्यक्तीने पाळावयाच्या ७५ कृतींची यादी दिली. त्याच वर्षी पाठ्यपुस्तकांचे ओझे कमी करण्याच्या मोहिमेत 'एनसीईआरटी'ने अकरावीच्या रसायनशास्त्रातील पर्यावरण रसायनशास्त्राचे अख्खे प्रकरण वगळले. हरितगृह परिणामाचे स्पष्टीकरण याच प्रकरणात होते. कार्यकारणभाव गळला आणि शपथ तेवढी उरली, असे म्हणावे लागते.

शपथेची मर्यादा साध्या अंकगणितानेही लक्षात येते. देशात विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ७५ वॉटचे शंभर पंखे शाळेने तासभर बंद ठेवले, तर साडेसात युनिट वाचतात, म्हणजे पाच किलोच्या आसपास उत्सर्जन टळते. आता दहा किलोमीटरवर राहणाऱ्या एकाच मुलाला पालक मोटारीने शाळेत सोडतात, परततात, सायंकाळी पुन्हा आणायला जातात. दिवसाला चाळीस किलोमीटर होतात. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर पावणेतीन लिटरच्या आसपास पेट्रोल आणि सहा किलो कार्बन डायऑक्साइड. शंभर पंख्यांची बचत एका मोटारीने गिळली! हीच चाळीस मुले एका डिझेल बसने आली, आणि बस परतीला रिकामी धावली असे मानले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण किलोही येत नाही.

पंखा बंद करणे मुलाच्या हाती आहे, बस आणणे त्याच्या हाती नाही. ते महापालिकेच्या, परिवहन महामंडळाच्या आणि राज्याच्या अर्थसंकल्पाच्या हाती आहे. हरितगृह वायूंचा मोठा हिस्सा असाच सामुदायिक निर्णयांतून ठरतो. वीज कोळशाची की सूर्याची, रस्ता मोटारीचा की बसचा, ओला कचरा खड्ड्यात की खतात, हे सारे सार्वजनिक निर्णय आहेत. मुंबईच्या हवामान कृती आराखड्यानुसार त्या शहराच्या २०१९ मधील उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा २० टक्के होता, तर ७२ टक्के वाटा इमारती व उद्योगांतील ऊर्जावापराचा होता. तेव्हा उत्सर्जन कमी करण्याची कृती विद्यार्थ्याला शिकवायची, तर त्याला सार्वजनिक निर्णयात भाग घ्यायला शिकवावे लागेल. त्याला पर्याय नाही. अडचण नेमकी येथेच सुरू होते.

बेंगळुरूने या शिक्षणाची दोन्ही टोके पाहिली आहेत. बसवेश्वर चौक ते हेब्बाळ या पावणेसात किलोमीटरच्या पोलादी उड्डाणपुलासाठी आठशेहून अधिक झाडे तोडली जाणार होती. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हजारो नागरिकांनी त्या मार्गावर मानवी साखळी केली. त्यात विद्यार्थीही होते. या शहराला उड्डाणपूल हवा की बस आणि उपनगरी रेल्वे, हा प्रश्न त्या निमित्ताने घरोघर पोहोचला. मार्च २०१७ मध्ये राज्य सरकारने प्रकल्प गुंडाळला. अलीकडे हेब्बाळ ते सिल्क बोर्ड भुयारी मार्गाच्या रूपाने तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. कचऱ्याचीही गोष्ट अशीच. ग्रामस्थांच्या आंदोलनानंतर २०१२ मध्ये मावळ्ळीपुऱ्याची कचराभूमी बंद झाली, तेव्हा शहराला कचऱ्याचे वर्गीकरण मुळापासून शिकावे लागले. ढिगाखाली हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीसपट तापदायक असतो, हे वाक्य पुस्तकात वाचणे निराळे आणि आपल्या प्रभागाचा कचरा कोणत्या गावाच्या माथी जातो ते पाहणे निराळे.

दुसरे टोक २०२० मधले. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा त्या वर्षी मार्चमध्ये निघाला. अशा मसुद्यावर कोणत्याही व्यक्तीला हरकत नोंदविण्यासाठी साठ दिवस देण्याची तरतूद पर्यावरण संरक्षण नियमांत १९८६ पासून आहे. विद्यार्थ्यांच्या 'फ्रायडेज फॉर फ्यूचर' या गटाने आपल्या संकेतस्थळावरून ती सोय लोकांपर्यंत नेली. तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या पत्त्यावर ई-मेलचा पाऊस पडला. जुलैमध्ये दिल्ली पोलिसांच्या सायबर शाखेच्या नोटिशीनंतर हे संकेतस्थळ बंद झाले. त्या नोटिशीत बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याचा, म्हणजे दहशतवादाविरोधातील कायद्याचा उल्लेख होता. तो अनवधानाने झाला, असा खुलासा पोलिसांनी नंतर केला, नोटीस मागे घेतली, संकेतस्थळही सुरू झाले. तथापि कायद्याने मागविलेली हरकत पाठविणाऱ्या मुलांना त्या आठवड्यांत जो धडा मिळाला, तो कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हता.

त्याच मसुद्याच्या संदर्भात न्यायालयांनी घेतलेली भूमिका मात्र शिक्षणाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मसुदा केवळ इंग्रजी व हिंदीत काढून चालणार नाही, तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत द्यावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी सांगितले. बेंगळुरूतील एका संस्थेच्या याचिकेवर कर्नाटक उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये अंतिम अधिसूचना काढण्यास तात्पुरती मनाई केली. तेव्हा तेथे मुख्य न्यायमूर्ती होते ठाण्याचे अभय ओक. ज्या भाषेत लोकांना कळत नाही, त्या भाषेत त्यांची हरकत मागणे म्हणजे हरकत न मागणेच होय, हा यामागचा साधा विचार होता. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातील किंवा कोकणातील विद्यार्थ्याला तो मराठीत मिळाला नाही, तर त्याच्या पर्यावरण शिक्षणाचा उपयोग काय?

विद्यार्थ्यांनी अशा गोष्टींत पडू नये, असे मानणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन दोन टनांच्या आसपास, तर अमेरिकेचे चौदा टनांच्या घरात आहे, तेव्हा आपल्या मुलांना अपराधी का ठरवायचे, असे विचारले जाते. एकाच साच्याचे हजारो ई-मेल म्हणजे लोकमत नव्हे, असे मंत्रालयातील अधिकारी म्हणतात. कोवळ्या मुलांना राजकीय हेतूने वापरले जाते, अशी भीती पालकांना वाटते. यातील पहिला मुद्दा आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत योग्यच आहे, पण तो बेंगळुरूतील बसच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे आश्वासन दिले आहे, बेंगळुरू आणि मुंबई या शहरांनी आपल्या आराखड्यांत २०५० ही मुदत घातली आहे. आज पंधरा वर्षांचा असलेला विद्यार्थी २०५० मध्ये चाळिशीत असेल. ते आश्वासन त्यालाच फेडायचे आहे. दुसऱ्या आक्षेपातच त्याचे उत्तर आहे. साच्यातले ई-मेल येतात, कारण मसुदा वाचून, आकडे तपासून, दोन परिच्छेदांत स्वतःची हरकत लिहायला कोणी शिकविलेले नाही. आणि मुले वापरली जाऊ नयेत असे वाटत असेल, तर त्यांना अधिक जाणते करणे हाच उपाय, अडाणी ठेवणे हा नव्हे.

हा उपाय नवा नाही. तो बेंगळुरूत दीर्घकाळ काम केलेल्या एका मराठी शास्त्रज्ञाने दोन दशकांपूर्वी देऊन ठेवला आहे. पुण्यात वाढलेल्या माधव गाडगीळ यांनी १९८३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत परिसरशास्त्राचे केंद्र उभे केले आणि पश्चिम घाटातील महाविद्यालयांचे शिक्षक व विद्यार्थी यांना सोबत घेऊन जैवविविधतेच्या नोंदी केल्या. पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी 'अधिवास आणि अध्ययन' या विषयावर जो अभ्यासगट नेमला गेला, त्याचे अध्यक्षही तेच होते. विद्यार्थ्यांनी आपल्या परिसराच्या प्रत्यक्ष नोंदी कराव्यात आणि त्या सर्वांना पाहता येतील अशा खुल्या माहितीसाठ्यात जमा व्हाव्यात, असा त्या गटाचा आग्रह होता. यात शपथ नाही, हिशेब आहे. मुलांची नोंद ही वहीत बंद न राहता समाजाच्या ज्ञानाचा भाग व्हावी, हा त्यातील क्रांतिकारक विचार. तो कागदावरच राहिला.

तोच आज उत्सर्जनाला लावता येईल. प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी आपल्या आवाराचा वीज, इंधन व कचऱ्याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा आणि जाहीर करावा. त्यापुढे आपल्या प्रभागाचा. बेंगळुरूत सप्टेंबर २०२५ पासून एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या आहेत. महापालिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेला हवामान आराखडा त्यांनी कसा वाटून घेतला, हे तपासण्याचे काम विद्यार्थ्यांइतके चोख दुसरे कोण करील? एखाद्या मसुद्यावर मराठीत वा कन्नडमध्ये साधार हरकत लिहिणे हा प्रात्यक्षिकाचा भाग असावा आणि हरकत कोणत्या बाजूची आहे यावर नव्हे, तर आधार किती भक्कम आहे यावर गुण मिळावेत. प्रकल्पाच्या बाजूने लिहिणाऱ्यालाही तेच माप. असे झाले तर हा विषय राजकीय पक्षांच्या हाती जाण्याची भीतीही कमी होईल.

हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये घटनेच्या १४ व २१ व्या कलमांत वाचला. अधिकार आणि कर्तव्य दोन्ही आता घटनेत आहेत, दोहोंना जोडणारी रीत तेवढी घडवायची आहे. ती वर्गात अर्धीच घडेल. उरलेली अर्धी घडेल ती राजधानीतील आणि राज्यांतील कचेऱ्यांच्या आवक कक्षात. विद्यार्थ्याने आकड्यांसह लिहिलेली हरकत तेथे पोहोचते, तेव्हा तिच्यावर आवक क्रमांक पडतो की ती पोलिसांकडे वर्ग होते, यावर शपथ घेतलेल्या मुलांचे पुढे काय होणार हे ठरते. मुद्देसूद उत्तराचे एक पत्र, मग ते नकाराचे का असेना, त्या मुलाला पन्नास तासिकांपेक्षा अधिक शिकवील. रोप लावणाऱ्या मुलांची छायाचित्रे प्रत्येक खात्याच्या वार्षिक अहवालात असतात. त्यांच्या हरकतींना दिलेली उत्तरेही एखाद्या वर्षी त्यात छापली जावीत.