बदली आणि बिऱ्हाड

काशीच्या बालाजी घाटाचे नाते पेशव्यांशी आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा काशीस आले. मोरोपंत तांबे हे त्यांच्याच पदरी होते. अप्पा निवर्तल्यावर तांब्यांना बिऱ्हाड उचलून बिठूरला बाजीरावांकडे जावे लागले. काशीत जन्मलेली त्यांची मनकर्णिका पुढे झाशीची राणी झाली. घर केव्हा हलवायचे, हे आश्रितांच्या हाती नव्हते.

आजचा शासकीय कर्मचारीही आदेशाची वाट पाहतो. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली अधिनियमाने सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा ठरवला आणि बदल्या एरवी एप्रिल-मे महिन्यांतच कराव्यात असे सांगितले. मुलांचे शालेय वर्ष त्यामुळे मोडत नाही. अपवादांची तरतूद अर्थातच आहे. ती सरसकट वापरली, की कायद्याचा हेतूच उरत नाही.

आपल्यापुरते करण्याजोगे थोडे आहे. शाळेचे दाखले, औषधे व महत्त्वाची कागदपत्रे ट्रकमध्ये न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. पहिल्या दोन दिवसांची भांडी, शिधा व अंथरूण एकत्र बांधून शेवटी चढवावे, म्हणजे ते आधी उतरते. प्रत्येक खोक्यावर खोलीचे नाव लिहावे. तीन वर्षांत न उघडलेले खोके पुढे नेऊ नये.

परंतु खरा ताण सामानाचा नसून अनिश्चिततेचा असतो. माझ्या मते, बदलीच्या आदेशातच नवे निवासस्थान कोणत्या तारखेस मिळेल हेही नमूद असावे. एवढ्याने निम्मे ओझे उतरेल.