दुसरी वाट

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारे कोणी ना कोणी आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहे. ‘नेटवर्क गेलं म्हणून काम थांबलं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून तुम्ही ऐकले असेल. हे नेटवर्क बसवणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून त्याबद्दल थोडेसे.

भट्टी, वाळूचा प्लांट, कंट्रोल रूम अशा प्रत्येक ठिकाणी एक इंडस्ट्रियल स्विच असतो. बहुतेकांना पंखा नसतो, त्यामुळे धूळ आत ओढली जात नाही. त्यांना आपसांत फायबर केबल जोडते, कारण तांब्याच्या तारेवर 100 मीटरपलीकडे भरवसा नाही, आणि भट्टीच्या विजेचा उपद्रव काचेला होत नाही.

पण जेसीबीने ती केबल तोडली तर? आमचा वायरमन लगेच म्हणतो, “इन्नोंद दारी ऐतल्ला!” दुसरी वाट आहेच की. चोर्ला घाटात दरड आली की आपण आंबोलीमार्गे गोवा गाठतो, तसेच. फरक एवढाच, की दोन्ही घाट एकदम चालू राहिले तर कुणाचे बिघडत नाही. इथे मात्र दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या, तर सर्वांसाठी सोडलेला निरोप गोल गोल फिरत राहतो आणि त्याच्या प्रती वाढत जातात. काही सेकंदांत सारे ठप्प. म्हणून एक वाट जोडलेली, पण बंद ठेवायची. ही युक्ती रेडिया पर्लमन या बाईंनी 1985 साली काढली. तिचे नाव स्पॅनिंग ट्री. जुन्या पद्धतीत वाट बदलायला 30 ते 50 सेकंद लागत. कारखान्यांसाठीची एमआरपी पद्धत नेहमीच्या सेटिंगवर 50 स्विचांची रिंगसुद्धा 200 मिलिसेकंदांत सावरते.

सेटिंग अवघड नाही. एक स्विच मॅनेजर, बाकीचे क्लायंट. प्रत्येकावर रिंगचे दोन पोर्ट ठरवायचे, त्या पोर्टांवरची स्पॅनिंग ट्री बंद करायची, सगळे सेव्ह करायचे. रिंग पूर्ण करणारी शेवटची केबल त्यानंतरच लावायची. आधी लावली तर गोल फिरणे सुरू झालेच म्हणून समजा.

खरी गोम पुढे आहे. पहिली वाट तुटली तरी कोणाला कळत नाही, कारण काम चालूच राहते. एका कारखान्यात ऐन पावसाळ्यात एक केबल गेली. दिवाळीनंतर दुसरी तुटली, तेव्हा कंट्रोल रूमचे सगळे पडदे एकदम थिजले. भट्टीच्या कॉइलला थंड ठेवणाऱ्या पाण्याचा ट्रिप स्वतंत्र तारेवर होता, म्हणून निभावले. तो कधीही नेटवर्कवर टाकू नये, हे माझे ठाम मत. स्विचला बिघाडाची सूचना देणारा रिले असतो. त्याला दोन तारा जोडून दिवा लावायला कितीसा खर्च येतो? दोन्ही केबल एकाच चरातून नेणाऱ्यांबद्दल तर न बोललेले बरे. जेसीबीला पहिली-दुसरी कळत नाही.

हल्ली काम संपले की मी मालकांसमोर चालू रिंगमधली एक केबल उपटतो. ते दचकतात. पडदा हलला नाही आणि लाल दिवा लागला, की मगच बिल पुढे करतो.