शेगडीची डागडुजी : घरची किती, कारागिराची किती

दुकानातील इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची फेरपडताळणी नियमानुसार दरवर्षी करून घ्यावी लागते. वैधमापन विभागाचा शिक्का जुना झाला तर दंड होतो, म्हणून ही तारीख कोणताही व्यापारी विसरत नाही. त्याच व्यापाऱ्याच्या घरातील गॅसची शेगडी मात्र विकत आणल्या दिवसापासून बंद पडेपर्यंत कोणी उघडून पाहत नाही. काटा चुकला तर काही ग्रॅमांचा फरक पडतो. शेगडी चुकली तर घर आणि माणूस दोन्ही धोक्यात येतात. ज्योत मंद झाली आहे, बटण घट्ट फिरते आहे, भांडी काळी होत आहेत, ही गृहिणीची तक्रार ‘उद्या पाहू’ या दोन शब्दांखाली महिनोन्‌महिने पडून राहते. चौविहार पाळणाऱ्या घरात संध्याकाळचा स्वयंपाक सूर्यास्तापूर्वी आटोपावयाचा असतो. दुपारी चार वाजता बर्नर पेटेनासा झाला, तर कारागिराची वाट पाहण्याइतका धीर राहत नाही आणि अशा घाईतच चुकीची दुरुस्ती होते.

शेगडीची रचना समजली की घरी काय करावे आणि काय करू नये, हे ठरवणे सोपे जाते. नळीतून आलेला गॅस बटणामागील कॉकमधून जेटपर्यंत पोहोचतो. जेटच्या बारीक छिद्रातून तो वेगाने बाहेर पडतो, सभोवतालची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो आणि ते मिश्रण बर्नरच्या भोकांशी जळते. हवा व गॅस यांचे प्रमाण योग्य असेल तर ज्योत निळी व स्थिर असते. ज्योत पिवळी पडू लागली, भांड्याच्या बुडास काजळी धरू लागली, तर हवा कमी पडत आहे किंवा गॅस अधिक येत आहे असे समजावे. अशा अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू तयार होतो. म्हणून पिवळी ज्योत हा केवळ इंधनाच्या नासाडीचा प्रश्न नाही.

घरी करण्याजोगी कामे शेगडीच्या वरच्या भागातली आहेत. रेग्युलेटर बंद करून किंवा पाइप गॅस असल्यास त्याचा कॉक बंद करून, शेगडी पूर्ण थंड झाल्यावर बर्नर उचलावा. कोमट साबणाच्या पाण्यात तो भिजवून भोके ब्रशने साफ करावीत आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावा. भोकांत पाणी राहिले की ज्योत तडतडते किंवा विझते. बर्नर झिजला वा वाकला असेल तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा आणावा. बैठकीत तो डुगडुगता कामा नये. जाळी, तबकडी आणि स्वयंचलित शेगडीतील बॅटरी बदलणेही घरचेच काम आहे. अनेक जैन घरांत शेगडी पेटवण्यापूर्वी पुंजणीने झाडून घेण्याची रीत आहे. त्या वेळी बर्नर उचलून खाली पाहिले तर जीवदया आणि देखभाल दोन्ही साधतात, कारण मिश्रणाच्या नळीत शिरलेला कोळी किंवा झुरळ हे ज्योत बिघडण्याचे एक नेहमीचे कारण असते.

खरी चूक होते ती जेटच्या बाबतीत. ज्योत मंद झाली की सुई किंवा तार घेऊन जेट खुपसण्याची सवय घरोघरी आहे. जेट पितळेचे असते आणि पितळ मऊ असते. सुईने छिद्र किंचितही रुंदावले तर गॅस जास्त येतो, ज्योत पिवळी होते, सिलिंडर लवकर संपतो आणि तो दोष पुन्हा दुरुस्त होत नाही. तुंबलेले जेट सुटत असेल तर काढून साबणाच्या पाण्यात ठेवावे व फुंकून साफ करावे. त्याने भागले नाही तर नवे बसवून घ्यावे.

खोपटसारख्या वस्तीत हा प्रश्न आणखी एका वळणावर येतो. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीचा पाइप गॅस मुंबईप्रमाणे ठाण्यातही पोहोचला आहे. जुन्या इमारतीतून नव्या सदनिकेत जाणारे कुटुंब सिलिंडर मागे ठेवते, पण शेगडी बरोबर नेते. सिलिंडरचा गॅस व पाइपचा गॅस यांचे गुणधर्म वेगळे आहेत. पाइपच्या गॅसचा दाब कमी असतो आणि तेवढ्याच आकारमानात त्याची उष्णताही बरीच कमी असते. म्हणून त्याला मोठ्या छिद्राचे जेट लागते. सिलिंडरची शेगडी तशीच पाइपला जोडली तर ज्योत क्षीण राहते. उलट, पाइपसाठीचे जेट असलेली शेगडी गावच्या घरी नेऊन सिलिंडरला जोडली तर ज्योत भडकते. बाजारात सुटे जेट मागताना हा फरक दुकानदाराला आधी सांगावा. आटे जुळले म्हणजे जेट जुळले, असे नव्हे.

कॉक, आतील पाइप आणि रेग्युलेटर ही तीन ठिकाणे मात्र वितरकाच्या किंवा गॅस कंपनीच्या प्रशिक्षित माणसाचीच आहेत. कॉकमध्ये निमुळता पितळी दट्ट्या तितक्याच निमुळत्या बैठकीत फिरतो आणि मधला ग्रीसचा पातळ थर गॅस अडवून धरतो. बटण घट्ट झाले म्हणून त्यात खाण्याचे तेल सोडले तर ते उष्णतेने चिकट होते आणि कॉक पूर्ण बंद होत नाही. रेग्युलेटर उघडून पाहू नये. तो वितरकाकडून बदलून घ्यावा.

रबरी नळी भारतीय मानक चिन्हाचीच असावी, दीड मीटरहून लांब नसावी आणि तिच्यावर छापलेली मुदत पाहून, फार तर पाच वर्षांत, बदलावी. काही जोडले वा बदलले की सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय. वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये. गॅस बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. पाइप गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तर पाइपचा गॅस हलका असल्याने छताकडे जातो. त्यामुळे पाइप गॅसच्या स्वयंपाकघरात वरचा झरोका कायम उघडा हवा.

हिशेबाच्या भाषेत जेट, बर्नर व नळी हा चालू खर्च आहे आणि नवी शेगडी हा भांडवली खर्च. चालू खर्च वेळेवर केला तर भांडवली खर्च कित्येक वर्षे पुढे ढकलता येतो. परंतु आतील पाइप गंजला असेल किंवा कॉक दुरुस्तीनंतरही गळत असेल, तर जुन्या वस्तूचा मोह सोडावा. नवी घेताना आयएस ४२४६ हे मानक पाहावे. त्यात सिलिंडरच्या शेगडीसाठी किमान ६८ टक्के औष्णिक कार्यक्षमता ठरवून दिलेली आहे. पाइप गॅसच्या घरात पाइप गॅससाठीच बनवलेली शेगडी घ्यावी.

दिवाळीत चोपडापूजन होते आणि नवी वही उघडली जाते. त्या वहीचे एक पान शेगडीसाठी राखावे : नळीची मुदत, जेटचा प्रकार, कारागीर शेवटचा कधी आला, वितरकाचा फोन. आणि त्या पानावरची पहिली नोंद घरातील गृहिणीला विचारून करावी. शेगडीचे काय चुकते आहे, हे तिला बहुधा कधीपासूनच ठाऊक असते.