बारा नंबरचे दोन शेजारी

मंडळी, यावेळी आधी माझीच फजिती.

फ्रीगंजातल्या एका शिक्षणसंस्थेत नेटवर्कचं काम होतं. सोबत इंदूरला इंजिनिअरिंग करणारा भाचा. रॅकच्या दारावर जुना नकाशा चिकटवलेला : पोर्ट १२, अकाउंट्स. अकाउंट्सवाल्यांना सांगून मी केबल काढली. दहा मिनिटांत खालून आरडाओरडा. प्रवेशाच्या खिडक्या बंद, आणि फी भरायचा तो शेवटचा दिवस. इंगोरिया, बडनगरहून आलेले पालक रांगेत उभे. केबल परत लावली, पण त्या रांगेतून जाताना मान वर करवेना.

भाचा म्हणाला, "मामा, कागदाला विचारण्यापेक्षा स्विचलाच विचारू या ना!"

पोराचं बरोबर होतं. त्यासाठीच एलएलडीपी आहे. नव्या बिऱ्हाडाने शेजारी जाऊन आपलं नाव-गाव सांगावं, तसं प्रत्येक यंत्र दर ३० सेकंदांनी केबलच्या पलीकडच्याला सांगतं : मी अमुक, माझं हे पोर्ट. उत्तराची अपेक्षा नाही. निरोप यायचे थांबले, तर साधारण १२० सेकंदांनी यादीतून नाव पुसलं जातं. सिस्कोची स्वतःची अशी बोली, सीडीपी, १९९४ पासून आहे. पण इथे दोन कंपन्यांचे स्विच होते. सगळ्यांना समजेल अशी बोली आयईईईने २००५ मध्ये ठरवली, ८०२.१एबी या नावाने.

आधी प्रत्येक स्विचला नाव दिलं. हे आळसाने टाळू नका. पाचही यंत्रं स्वतःला नुसतं 'स्विच' म्हणवत असतील तर यादी वाचून काय कळणार? मग सिस्कोवर 'एलएलडीपी रन'. तिथे ते मुळात बंद असतं, हे बरेच जण विसरतात. दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर तेच काम मेनूतून. मिनिटभर थांबून 'शो एलएलडीपी नेबर्स'.

पोर्ट १२ वर दोन शेजारी! अकाउंट्स आणि प्रवेश विभाग.

एका केबलच्या टोकाला दोन यंत्रं कशी? नियमाने हा निरोप पहिल्या स्विचच्या पुढे जाऊ नये. पण काही साध्या, स्वस्त स्विचना तो वाचताच येत नाही. ते तसाच पुढे ढकलतात. म्हणजे मधे कुणीतरी मुका बसला होता. भाचा शिडी लावून पोटमाळ्यावर चढला. कबुतरांच्या घाणीत आठ पोर्टचा एक डबा, दिवे लुकलुकत. कधीतरी केबल कमी पडली असेल, कुणी तात्पुरता लावला असेल. 'तात्पुरता' हा शब्द आपल्या उज्जैनात फार टिकतो.

एक काळजी मात्र घ्या. हे यंत्र मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कधी पत्ताही सांगून टाकतं. घरातल्यांना ठीक, रस्त्यावरच्याला कशाला? इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे जाणाऱ्या पोर्टवर आम्ही पाठवणं आणि घेणं दोन्ही बंद केलं. पाहुण्यांच्या खोलीतल्या सॉकेटवरही. टेबलावरच्या आयपी फोनच्या पोर्टवर चालू ठेवलं, कारण आपण कोणत्या व्हीलॅनमध्ये बसायचं ते फोनला याच निरोपातून कळतं.

नवा नकाशा भाच्याने यादी बघून काढला, खाली तारीख घातली आणि पोटमाळ्यावरचा डबा लाल पेनाने दाखवला. डबा अजून तिथेच आहे. दिवाळीच्या सुट्टीत काढायचा ठरलंय, खिडक्या बंद असताना.