घरचा सर्व्हर, गावचा मोबाइल आणि प्लेक्सचं नवं बिल

२९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सने एक जुनी सवलत काढून घेतली. घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेले आपलेच व्हिडिओ बाहेरगावाहून बघायचे असतील, तर आता पैसे लागतात. घरातल्या वायफायवर बघणं अजूनही फुकट आहे.

मी पुण्यात नोकरी करतो, घरचे झरी जामणीत असतात. माझ्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपवर घरातल्या लग्नांचे व्हिडिओ आणि बाबांनी जमवलेली भजनं आहेत. तिकडे पैनगंगेजवळच्या गावात ती मोबाइलवर वाजतात. त्यामुळे ही बातमी माझ्या घरापर्यंत येते. तुमच्याही येत असेल, तर हिशेब समजून घ्या.

नेमकं काय बदललं?

सर्व्हरच्या मालकाकडे प्लेक्स पास असेल, तर त्याच्या सर्व्हरवरून बघणाऱ्यांना वेगळे पैसे नाहीत. नसेल, तर बघणाऱ्याने स्वतःचा पास घ्यायचा. त्यासाठी आलेला रिमोट वॉच पास महिन्याला १.९९ डॉलर, वर्षाला १९.९९ डॉलर. त्याच वेळी प्लेक्स पास वर्षाला ३९.९९ वरून ६९.९९ डॉलर झाला आणि आजीवन पास ११९.९९ वरून २४९.९९ वर गेला.

म्हणजे बाहेरून बघणारे तीन जण असतील तर वेगवेगळे पास स्वस्त पडतात; चार झाले की मालकानेच वर्षाचा पास घेतलेला बरा.

व्हिडिओ आपला, मग पैसे कशाचे?

व्हिडिओ शक्यतो सरळ तुमच्या घरून समोरच्या मोबाइलवर जातो. प्लेक्स लॉगिन सांभाळतं, सर्व्हर कुठे आहे ते शोधून देतं आणि थेट रस्ता नसेल तर स्वतःच्या रिलेवरून कमी दर्जात व्हिडिओ पोचवतं. खर्च वाढल्याचं कंपनी सांगते, ते समजण्यासारखं आहे. पण फुकटची सवय लावून मग बिल दिलं की माणूस चिडणारच.

भारतात हा रस्ता शोधणंच अवघड आहे. आयपीव्ही४ चे पत्ते जगात जेमतेम ४३० कोटी. म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात. याला सीजीनॅट म्हणतात. एका वाड्यात पन्नास बिऱ्हाडं आणि दारावर एकच नंबर. पोस्टमन वाड्यापर्यंत येतो, पण पुढे कोणत्या खोलीत जायचं ते त्याला कळत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही अशाच वाड्यात राहता. मग राउटरवर पोर्ट उघडूनही उपयोग नाही.

जेलिफिन आणि टेलस्केल

जेलिफिन पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स. एम्बीने आपला कोड बंद केल्यावर २०१८ च्या डिसेंबरमध्ये काही डेव्हलपर्सनी तो वेगळा काढला. यात कंपनीचं खातं नाही, पण रस्ताही कोणी शोधून देत नाही. तो टेलस्केल देतं: सर्व्हरवर आणि घरच्यांच्या मोबाइलवर ॲप टाकायचं, की दोन्ही उपकरणं एका खासगी नेटवर्कमध्ये येतात. सीजीनॅट असला तरी बहुतेक वेळा थेट जोडणी होते. वैयक्तिक वापराला मोफत योजना आहे. अँड्रॉइड टीव्हीवर ॲप चालतं. सॅमसंग किंवा एलजीच्या टीव्हीला वेगळी स्टिक लावावी लागते.

पण गावी कोणीतरी ते ॲप सुरू ठेवायला हवं. ते बंद पडलं की फोन येतो, "अबे, ते गोल गोलच फिरून राह्यलं!" हे काम तुमच्याच गळ्यात पडतं. प्लेक्सचं बिल खरं तर या कटकटीचं आहे.

डेटा आणि सुरक्षा

३ एमबीपीएसने दोन तासांचा व्हिडिओ म्हणजे २.७ जीबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये तो बसत नाही. सर्व्हरवर त्या युजरची मर्यादा १.५ एमबीपीएस ठेवा, १.३५ जीबीत काम होतं. लहान स्क्रीनवर फरक फारसा जाणवत नाही.

जेलिफिनचं ८०९६ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडं सोडू नका. सॉफ्टवेअर अपडेट ठेवा. २०२२ च्या लास्टपास प्रकरणात हल्लेखोर एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये घुसले, ते अपडेट न केलेल्या प्लेक्समधूनच. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये प्लेक्सने स्वतःच डेटा चोरीनंतर सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं.

मग काय निवडायचं?

बघणारे एक-दोन जण आणि त्यांच्याकडे मोबाइल असेल, तर जेलिफिन आणि टेलस्केल. घरभर वेगवेगळे टीव्ही असतील आणि फोनवरून दुरुस्ती सांगायला वेळ नसेल, तर प्लेक्स पास. काहीही निवडा, पण लग्नाच्या व्हिडिओची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाच. पास संपला तर परत घेता येतो. डिस्क गेली तर तो व्हिडिओ कुठल्याच दुकानात मिळत नाही.