पायरी दाखवण्याचं शास्त्र

रायपूरला पाहुणे आले की त्यांना महंत घासीदास संग्रहालय दाखवायचं, हा आमच्या घरचा जुना रिवाज. राजनांदगावच्या महंत घासीदासांनी १८७५ मध्ये सुरू केलेलं हे संग्रहालय देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. सिरपूरच्या धातुमूर्तींपुढे पाहुणे हरखून उभे राहतात, आदिवासी दालनात मात्र त्यांचा आवाज मऊ होतो. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आलेले एक स्नेही तिथल्या टोपल्या आणि धनुष्यबाण पाहून म्हणाले, "म्हणजे आपणही कधीकाळी असेच होतो. हे बिचारे अजून तिथंच राहिले."

बोलण्यात तिरस्कार नव्हता, उलट कणवच होती. पण त्या दोन वाक्यांत दीडशे वर्षांपूर्वीचा एक अख्खा सिद्धान्त दडलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. मराठीत कुणाला कमी लेखायचं तर आपण त्याला 'पायरी दाखवतो', 'पायरी ओळखून राहा' म्हणतो. एकोणिसाव्या शतकातल्या मानववंशशास्त्राने याच खटाटोपाला शास्त्राचा अंगरखा चढवला.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण त्याचे कर्ते सामान्य नव्हते. एडवर्ड टायलर यांचा 'प्रिमिटिव्ह कल्चर' १८७१ मध्ये आला, लुईस हेन्री मॉर्गन यांचा 'एन्शंट सोसायटी' १८७७ मध्ये. मॉर्गन हे न्यूयॉर्क राज्यातले वकील. इरोक्वॉय लोकांशी त्यांचा प्रत्यक्ष परिचय होता. जगभरातून त्यांनी नातेवाचक शब्द गोळा केले आणि त्यांच्या तक्त्यांत मराठीलाही जागा मिळाली. त्यांनी मानवजातीचा प्रवास वन्यावस्था, रानटी अवस्था आणि नागरावस्था असा मांडला. पहिल्या दोन अवस्थांचे कनिष्ठ, मध्यम आणि वरिष्ठ असे भाग पाडले, आणि प्रत्येक पायरीला एकेक खूण ठरवून दिली. धनुष्यबाण आला की वरिष्ठ वन्यावस्था, मडकं आलं की रानटी अवस्थेची सुरुवात, लोखंड वितळवता आलं की तिचा माथा, आणि अक्षरं आली की नागरावस्था. टायलर यांनी जोडीला 'अवशेषां'ची कल्पना दिली. जुन्या पायरीवरच्या चालीरीती अर्थ हरवूनही पुढच्या पायरीवर टिकून राहतात, आणि त्यांच्यावरून मागचा रस्ता ओळखता येतो, असं त्यांचं म्हणणं.

या मतामागे एक उदार विचारही होता, तो मान्य करायलाच हवा. त्या काळी काही विद्वान मानवाचे वंश मुळातच वेगवेगळे निपजले असं सांगत होते, तर काही जण 'जंगली' माणूस म्हणजे देवाच्या कृपेतून घसरलेला असं मानत. टायलर यांनी दोघांनाही विरोध केला. माणसाचं मन सगळीकडे एकच आहे, ही त्यांची भूमिका होती. ती मला आजही मान्य आहे. मतभेद आहे तो शिडीशी.

पहिला आक्षेप शिडीच्या खुणांवरच. मॉर्गन यांच्या मोजपट्टीने हवाई बेटांवरचे लोक मध्यम वन्यावस्थेत गेले, कारण त्यांच्याकडे मडकी नव्हती आणि लढाईत धनुष्यबाण नव्हता. त्यांची सिंचनाची शेती, राजे आणि अथांग समुद्रातली नौकानयनाची विद्या यांपैकी काहीच जमेस धरलं गेलं नाही. तेवढं लांब तरी कशाला जायचं? आमच्या मैकल डोंगररांगांत अगरिया राहतात. मातीची छोटी भट्टी, पायाने दाबायचा भाता, सालवृक्षाचा कोळसा आणि डोंगरातला लोहदगड, एवढ्यावर ते लोखंड गाळत आले. लोहासुर, कोयलासुर, आगियासुर ही त्यांची दैवतं, म्हणजे लोखंड, कोळसा आणि आग. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मॉर्गन यांच्या हिशेबाने अगरिया वरिष्ठ रानटी अवस्थेच्या माथ्यावर बसायला हवेत. त्यांचा शेजारी बैगा लोखंड गाळत नाही, पण अगरियाची कुऱ्हाड खांद्यावर टाकून जंगलात जातो. मग बैगाची पायरी कोणती? कुऱ्हाडीची, की ती बनवता न येण्याची? आणि त्याच न्यायाने, खिशातला मोबाइल ज्याला उघडून दुरुस्त करता येत नाही, त्या माझी पायरी कोणती?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याला आपण 'मागे राहणं' म्हणतो, ते पुष्कळदा मागे ढकललं जाणं असतं. बैगा नांगर धरत नसत. धरणी ही आई, तिची छाती फाडायची नाही, ही त्यांची श्रद्धा. ते झाडोरा तोडून, जाळून, त्या राखेत कोदो-कुटकी पेरत. या शेतीला बेवर म्हणतात. इंग्रजी वनखात्याला सालाचं लाकूड हवं होतं, म्हणून बेवरवर बंदी आली, आणि १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात 'बैगा चक' नावाचा एक तुकडा आखून बैगांची बेवर तेवढ्यात कोंडली गेली. अगरियांच्या भट्ट्यांवर कर बसला, कोळशासाठी जंगल बंद झालं, बाजारात विलायती लोखंड आलं, आणि भट्ट्या विझल्या. पुढे १९५९ मध्ये रायपूरच्या शेजारी भिलाईला सोव्हिएत मदतीची पहिली झोतभट्टी पेटली आणि राजहऱ्याच्या डोंगरातला दगड तिच्यात जाऊ लागला, तेव्हा छत्तीसगढमध्ये लोहयुग आल्याचा आनंद झाला. इथं लोखंड आधीपासून गाळलं जात होतं, हे कुणाच्या भाषणात आलं असेल असं वाटत नाही. एका हाताने भट्टी विझवायची आणि दुसऱ्या हाताने 'अवस्था : आदिम' अशी नोंद करायची. या नोंदीत इतिहास पुसला जातो आणि उरते फक्त पायरी.

तिसरा आक्षेप रस्त्याच्या दिशेवर. रायपूरहून सुमारे ऐंशी किलोमीटरवर महानदीकाठी सिरपूर आहे. सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर तिथं आजही उभं आहे, राणी वासटेने पतीच्या स्मरणार्थ बांधवलेलं. विहार होते, बाजार होता, राजधानीचा थाट होता. मग ते नगर ओस पडलं आणि वर जंगल वाढलं. शहर उठून जंगल होतं, आणि जंगलातून पुन्हा गाव उभं राहतं. आजच्या गावकऱ्याला 'अजून तिथंच राहिलेला' म्हणणं म्हणजे मधली हजार-बाराशे वर्षं गिळून टाकणं. अमेरिकेत फ्रान्झ बोआस यांनी १८८७ मध्येच संग्रहालयांच्या मांडणीवरून हा वाद काढला होता. वस्तू प्रगतीच्या क्रमाने मांडू नका, ज्यांच्या त्यांच्या समाजासोबत मांडा, असं त्यांचं म्हणणं. सारख्या दिसणाऱ्या चाली वेगवेगळ्या कारणांनी घडू शकतात, म्हणून आधी प्रत्येकीचा इतिहास शोधा, हा मुद्दा त्यांनी १८९६ मध्ये विस्ताराने मांडला. माझ्या पुणेकर स्नेह्यांना उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

इथं साहेबावर सगळं खापर फोडून हात झटकता येणार नाहीत. मराठी विद्वत्तेलाही या शिडीची भुरळ पडली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विवाहसंस्थेचा इतिहास लिहिताना वेद-महाभारतातल्या कथांतून स्वैर संबंधांपासून नियमबद्ध विवाहापर्यंतच्या पायऱ्या उभारल्या. त्यांचं धाडस मोठंच होतं. सनातनी चवताळले, आणि तेवढ्यापुरता मी राजवाड्यांच्या बाजूचा आहे. पण कथा म्हणजे अवशेष आणि अवशेष म्हणजे पुरावा, ही उडी टायलर यांचीच. मॉर्गन यांची शिडी एंगल्सने १८८४ मध्ये उचलली, आणि कॉम्रेड डांग्यांनी १९४९ मध्ये तिच्यावर प्राचीन भारत चढवला. त्यावर सडकून टीका केली ती मार्क्सवादीच असलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी. चौकट आधी आणि पुरावे मागाहून, हे त्यांना मान्य नव्हतं. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायी हिंडून, म्हसोबा आणि मावलाया यांच्या ठाण्यांजवळ गारगोटीची सूक्ष्म हत्यारं शोधणाऱ्या माणसाला आपल्या देशात अनेक काळ एकाच शिवारात नांदतात हे डोळ्यांनी दिसत होतं.

आदिवासींचं पुढे काय करायचं, या वादातही शिडी होतीच. एल्विन यांनी १९३९ च्या 'द बैगा'मध्ये त्यांच्यासाठी राखीव प्रदेशाची कल्पना सुचवली. मालवणच्या मातीतले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये त्यांना 'मागासलेले हिंदू' ठरवून हिंदू समाजात मिसळण्याचा मार्ग दाखवला. एकाला ती पायरी जपायची होती, दुसऱ्याला ती ओलांडून घ्यायची होती. एल्विन यांनी पुढे ही कल्पना सोडून दिली, हा त्यांचा मोठेपणा.

कुणी म्हणेल, हे सारं मेलेल्या सिद्धान्ताचं श्राद्ध आहे. तसं असतं तर मी लेखणी उचललीच नसती. अनुसूचित जमाती ठरवताना आजही १९६५ च्या लोकूर समितीचे निकष वापरले जातात, आणि त्यांतला पहिलाच 'आदिम लक्षणांच्या खुणा' हा आहे. १९७५ पासून देशातल्या काही जमाती 'आदिम जमाती गट' म्हणून वेगळ्या काढल्या गेल्या आणि त्यांची संख्या पुढे ७५ झाली. छत्तीसगढमध्ये केंद्राच्या यादीत अबुझमाडिया, बैगा, बिरहोर, कमार आणि पहाडी कोरवा आहेत. राज्याने पंडो आणि भुंजिया यांची भर घातली. हे गट ठरवण्याच्या निकषांपैकी एक आहे 'शेतीपूर्व पातळीचं तंत्रज्ञान'. राखेत कोदो पेरणारा बैगा शेतीपूर्व कसा, हे मॉर्गन यांनाही समजावता आलं नसतं.

मग प्रतिपक्षाचा शेवटचा आणि सर्वांत वजनदार प्रश्न येतो. आदिम शब्द काढला तर योजना कशाच्या आधारे द्यायच्या? सगळ्या संस्कृती सारख्या म्हणून यांना रस्ता नको, दवाखाना नको, असं म्हणायचं का? मुळीच नाही. २००६ मध्ये सरकारने 'आदिम' हा शब्द वगळून 'विशेष दुर्बल जमाती गट' असं नाव दिलं. योजना बंद पडल्या नाहीत. २०२३ मध्ये तर याच गटांसाठी 'जनमन' अभियान सुरू झालं. सिकलसेलने वेदनेत तळमळणाऱ्या मुलाला औषध मिळायला हवं, ते त्याला आजार आहे म्हणून. गावाला पाणी हवं, ते तिथं तहान आहे म्हणून. त्यासाठी त्याचा बाप कुठल्या युगात राहतो, याचा दाखला कशाला?

आता माझी बाजू मांडतो. हत्यारांना क्रम असतो हे खरं. विस्तव हाती आल्याशिवाय मडकं भाजता येत नाही आणि भट्टी कळल्याशिवाय लोखंड गळत नाही. ज्ञान साठत जातं, ही टायलर-मॉर्गन यांच्या विचारातली टिकाऊ बाजू. पण हत्यारांचा क्रम माणसांच्या माथी मारता येत नाही, आणि लग्नाच्या, देवाच्या, चुलीच्या रीती त्या क्रमाने चालत नाहीत. म्हणून समाजापुढे उभं राहिल्यावर 'हे कितव्या पायरीवर?' हा प्रश्न सोडून 'यांचं काय काय झालं?' हा प्रश्न विचारायला हवा. आणि स्तुती असो की टीका, माप एकच हवं.

एकच माप म्हणजे काय, ते मला गरियाबंदच्या वाटेवर कळलं. तिथल्या भुंजियांमधल्या एका शाखेत स्वयंपाकाची वेगळी झोपडी असते, तिला 'लाल बंगला' म्हणतात. परक्याचा हात लागला तर ती मोडून नवी बांधतात. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही माहेरच्या लाल बंगल्यात जाता येत नाही. मी नकळत दोन पावलं पुढे गेलो तशी आतून एक म्हातारी ओरडली, "झन छूहू!" शिवू नका.

मी जागीच थबकलो. तो आवाज ओळखीचा होता. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात आजी धाबळी नेसून सोवळ्यात स्वयंपाक करायची, आणि शाळेतून आलेला मी उंबऱ्याजवळ दिसलो की याच पट्टीत ओरडायची, "शिवू नकोस रे!" तिच्या सोवळ्याला आम्ही संस्कृती म्हणत आलो, आणि या म्हातारीच्या चुलीची सरकारी कागदावर आदिम लक्षण म्हणून नोंद होते. आजीच्या सोवळ्याने कितीजणांना दारातच उभं केलं आणि तिला स्वतःला जन्मभर चुलीशी कसं बांधून ठेवलं, हे मी विसरलेलो नाही. माहेरच्या चुलीपाशी जाऊ न शकणारी भुंजिया लेकही मला खटकते. दोन्ही गोष्टी बोलायला हव्यात, पण एकाच तोंडाने.

म्हातारीने बाहेर येऊन लांबूनच खाट दाखवली, तांब्याभर पाणी ठेवलं आणि कुठून आलो ते विचारलं. मी लाल बंगल्यापासून चार हात दूर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला माझी पायरी दाखवली होती.