समुद्रावरचा बेनामी कारभार

जमिनीवरील बेनामी व्यवहारांचा परिचय आपल्या समाजाला पुरेसा आहे. सातबारा एकाच्या नावाचा, पैसा दुसऱ्याचा आणि वहिवाट तिसऱ्याची, हा प्रकार आता समुद्रावर, आणि तोही खनिज तेलाच्या वाहतुकीत, राजरोस चालू झाला आहे. गेल्या काही वर्षांत युरोपातील राष्ट्रांनी जी तेलवाहू जहाजे अडवून ठेवली, त्यांच्या हकिकती वाचल्या म्हणजे या कारभाराचे स्वरूप ध्यानात येते. आणि ते ध्यानात आल्यावर मुंबईकरांना स्वस्थ बसता येईल, असे आम्हांस वाटत नाही.

एकाच जहाजाची कथा पुरेशी बोलकी आहे. एप्रिल २०२५ मध्ये एस्टोनियाने ‘किवाला’ नावाचे तेलवाहू जहाज अडविले. जिबूतीचा ध्वज लावण्याचा त्याचा अधिकार सिद्ध होईना, आणि तपासणीत लहानमोठे ४० दोष निघाले. दोन आठवड्यांनी ते सोडण्यात आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फ्रान्सने आपल्या किनाऱ्याजवळ ‘बोराकाय’ ऊर्फ ‘पुष्पा’ नावाचे जहाज रोखले. ते दुसरेतिसरे कोणते नसून तेच ‘किवाला’ होते! नाव पालटले, ध्वज पालटला. कायम राहिला तो केवळ जहाजाचा सात आकडी नोंदणी क्रमांक. काही दिवसांत तेही पुन्हा मार्गस्थ झाले.

या बहुरूपी जहाजांचा सुळसुळाट का झाला, हे उघड आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर, डिसेंबर २०२२ मध्ये, पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियाच्या कच्च्या तेलावर पिंपामागे ६० डॉलरची मर्यादा घातली. त्याहून चढ्या भावाचे तेल वाहणाऱ्यास त्यांची जहाजे मिळेनात आणि त्यांचा विमाही मिळेना. तेव्हा मोडीत निघण्याच्या वयाला पोहोचलेली जहाजे कागदी कंपन्यांच्या नावे खरेदी करण्यात आली. इराण आणि व्हेनेझुएला यांचे तेल याच वाटेने पूर्वीपासून जात होते. ठावठिकाणा सांगणारे यंत्र बंद ठेवावे, भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात तेल भरावे आणि विम्याचे कागद नावापुरते बाळगावेत, अशी ही रीत आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने न लादलेले एकतर्फी निर्बंध आपण मानीत नाही, अशी भारत सरकारची भूमिका आहे. ती आम्हांस मुळीच गैर वाटत नाही. ज्या देशाला आपल्या गरजेचे बहुतेक तेल परदेशांतून आणावे लागते, त्याने ते कोठून घ्यावे हे इतरांनी ठरविण्याचे कारण नाही. परंतु निर्बंध ही एक गोष्ट आणि जहाजाची सुरक्षितता ही अगदी निराळी गोष्ट. निर्बंध आज लादले जातात, उद्या उठविले जातात. जहाजाचा गंजलेला पत्रा मात्र कोणत्याही राष्ट्राचे परराष्ट्रधोरण विचारून फाटत नाही. गॅबनचा ध्वज लावलेल्या, १९९७ साली बांधलेल्या ‘पाब्लो’ जहाजाचा मे २०२३ मध्ये मलेशियाच्या किनाऱ्याजवळ स्फोट झाला. तीन खलाशी बेपत्ता झाले. टाक्या रिकाम्या होत्या म्हणून किनारा बचावला. त्या भरलेल्या असत्या, तर भरपाई कोणाच्या दारी मागावयाची होती?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. ऑगस्ट २०१० मध्ये ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची मुंबई बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली, तेव्हा तेलाचा तवंग रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला आणि कोळी बांधवांच्या मासळीला गिऱ्हाईक मिळेनासे झाले. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै २०११ रोजी, खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेले ‘पवित’ हे तेलवाहू जहाज वाहत वाहत थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतले. ते येईपर्यंत कोणासही पत्ता नव्हता! बेवारस जहाज म्हणजे काय, हे या शहराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

या कारभारात सर्वांत स्वस्त झाला आहे तो खलाशाचा जीव. फिनलंड आणि एस्टोनिया यांना जोडणारी समुद्रतळाची वीजवाहिनी २५ डिसेंबर २०२४ रोजी तुटली. कुक बेटांचा ध्वज लावलेल्या ‘ईगल एस’ने नांगर फरफटत नेल्यामुळे ती तुटली, या आरोपावरून कप्तान आणि दोन अधिकारी यांच्यावर हेलसिंकीत खटला झाला. त्या दोघांपैकी एक भारतीय होता. आपणांस हा खटला चालविण्याचा अधिकार नाही, असे म्हणून न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तो काढून टाकला. नफ्याचा धनी मात्र या पिंजऱ्यात कधीच उभा नव्हता. कोकणातील आणि देशाच्या इतर भागांतील तरुण चांगल्या पगाराच्या आशेने दलालांमार्फत जहाजांवर चढतात. जहाजाचा मालक कोण, विमा कोणाचा, हे त्यांना कोण सांगणार?

सरकारच्या हाती साधने नाहीत, असेही नाही. १९५८ चा जुना कायदा बाजूस सारून संसदेने २०२५ मध्ये व्यापारी नौकानयनाचा नवा कायदा संमत केला आणि राष्ट्रीयत्व नसलेले जहाज ताब्यात घेण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. त्या अधिकाराचा उपयोग झाला पाहिजे. आपल्या बंदरात येणाऱ्या प्रत्येक तेलवाहू जहाजाचा ध्वज आणि विमा प्रवेशापूर्वी पडताळून पाहावा, मग त्यातील तेल रशियाचे असो, आखाताचे असो वा अमेरिकेचे. संशयास्पद जहाजांची यादी नौवहन महासंचालनालयाने, ज्याचे कार्यालय याच शहरात आहे, खलाशांना वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करावी. अशा जहाजांवर माणसे पाठविणाऱ्या दलालांचे परवाने रद्द करावेत. परदेशात अडकलेल्या खलाशाच्या कुटुंबाला मंत्रालयांचे उंबरठे झिजवावयास लावू नयेत.

तेल स्वस्त मिळते हे खरे. पण जहाज फुटल्यास किनारा धुण्याचा खर्च कोळ्याने आणि करदात्याने सोसावयाचा असेल, तर ते तेल स्वस्त कसले? निर्बंध मानावयाचे की नाहीत, हे दिल्लीने खुशाल ठरवावे. परंतु ज्याला धनी नाही आणि ज्याचा विमा नाही, त्या जहाजाला आमच्या किनाऱ्याशी जागा नाही, एवढे ठरविण्यासाठी कोणा परकीय सत्तेची परवानगी लागत नाही.